छोट्या मोशावचा इतिहास कसा अभ्यासावा आणि कसा लिहावा

इस्रायलच्या शेतीविषयी सोलापूर जिल्ह्यात कित्येक वर्षांपासून बोलले जाते, आणि ते बोलणे बहुतेक वेळा ठिबकच्या नळीपासून सुरू होऊन तिथेच संपते. सांगोल्याच्या डाळिंबबागेत आणि नान्नजच्या द्राक्षमळ्यात ही नळी पोहोचली. परंतु किबुत्झ, मोशाव अशा ज्या सहकारी वस्त्यांतून हे तंत्र पुढे आले, त्या वस्त्यांत जमीन कोणाच्या नावावर होती, कर्ज काढताना जामीन कोण राहत होते आणि पीक बुडाल्यावर भरणा कोणी केला, हे प्रश्न अभ्यासदौऱ्याहून परतलेल्या मंडळींच्या बोलण्यात क्वचितच येतात. मी या जिल्ह्यातील एका विविध कार्यकारी सोसायटीचा गटसचिव म्हणून अनेक वर्षे काम केले आहे आणि निवृत्तीनंतर ज्यू सहकारी वस्त्यांचा इतिहास वाचतो आहे. अशा एखाद्या छोट्या वस्तीवर प्रकल्प, दीर्घ लेख किंवा पुस्तिका लिहू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्याने, शिक्षकाने किंवा सहकारातील कार्यकर्त्याने काम कसे करावे, हे येथे सांगतो. वाळवंट फुलवल्याची गोष्ट सर्वांना पाठ आहे. माझ्या मते वस्तीचा खरा इतिहास कोण कोणाला बांधील होते यात असतो, आणि तो त्याच दिशेने शोधावा लागतो.

वस्ती निवडण्यापूर्वी तिचा प्रकार समजून घ्यावा, कारण आपल्याकडे सर्वच वस्त्यांना सरसकट किबुत्झ म्हणण्याची सवय आहे. किबुत्झमध्ये जमीन, अवजारे, उत्पन्न आणि मूळ कल्पनेप्रमाणे स्वयंपाकघरसुद्धा सामाईक होते. 1910 साली गॅलिली सरोवराकाठी सुरू झालेले देगानिया हे त्याचे पहिले उदाहरण. मोशावमध्ये प्रत्येक कुटुंबाचे घर वेगळे आणि शेत वेगळे. खरेदी, विक्री, पतपुरवठा आणि अडचणीच्या वेळची मदत मात्र सहकारी. 1921 साली यिझ्रेल खोऱ्यात वसलेले नहालाल हे पहिले मोशाव. रिखार्ड काउफमान या वास्तुरचनाकाराने त्याची आखणी वर्तुळाकार केली : मध्यभागी सार्वजनिक इमारती, त्यांभोवती घरांचे कडे आणि प्रत्येक घरामागे चाकाच्या आऱ्यांसारखी बाहेर पसरत गेलेली शेते. या दोहोंच्या मधला तिसरा प्रकार, म्हणजे घर स्वतंत्र पण शेती सामाईक, 1936 साली कफार हित्तीम येथे सुरू झाला. सोसायटी, सामुदायिक शेती संस्था आणि साखर कारखाना यांतील फरक ज्याला कळतो, त्याला हा फरक समजायला वेळ लागणार नाही.

नवख्या अभ्यासकाने मोशाव घ्यावे, आणि तेही लहान. नहालालवर पुष्कळ लिहिले गेले आहे. उदाहरण म्हणून मी नेवातिम घेतो, कारण तेथील माणसे भारतातून गेली. नेगेव्हच्या वाळवंटी प्रदेशात, बीरशेबाजवळ ही वस्ती आहे. नेवातिम या हिब्रू शब्दाचा अर्थ अंकुर, आपल्या भाषेत मोड. ती पहिल्यांदा 1946 साली उभी राहिली आणि 1954 साली कोचीहून गेलेल्या ज्यू कुटुंबांनी ती मोशाव म्हणून पुन्हा वसवली. कोचीच्या ज्यूंनी वसवलेली किंवा वाढवलेली मेसिलात झिऑन, ताओझ, अविएझेर आणि कफार युवाल ही आणखी काही मोशावे आहेत. तुलनेसाठी त्यांपैकी एखादे हाताशी ठेवावे.

सुरुवात तारखांपासून करावी. वस्तीच्या कागदांवर पुष्कळदा हिब्रू वर्ष असते, आणि इंग्रजी वर्ष काढताना चूक होण्याची जागा एकच आहे. हिब्रू वर्ष शरद ऋतूत, तिश्री महिन्यात सुरू होते. म्हणून तिश्रीपासून डिसेंबरअखेरपर्यंतच्या तारखेसाठी हिब्रू वर्षातून 3761 वजा करावेत आणि जानेवारीनंतरच्या तारखेसाठी 3760. नेगेव्हमधील अकरा वस्त्या, ज्यांत नेवातिमही होते, हिब्रू वर्ष 5707 मध्ये योम किप्पूर या ज्यूंच्या प्रायश्चित्ताच्या दिवसाचा उपास संपला त्या रात्री एकदम उभारल्या गेल्या. 5707 मधून 3761 गेले की 1946 येते, आणि ती रात्र 5 ऑक्टोबरची होती. इथे 3760 वजा केले तर संपूर्ण इतिहास एक वर्ष पुढे सरकतो. शके आणि सन यांचा मेळ घालण्याची ज्यांना सवय आहे, आणि अधिक महिना म्हणजे काय हे ज्यांना घरातच कळले आहे, त्यांना हे कॅलेंडर परके वाटणार नाही. तिकडेही एकोणीस वर्षांत सात वेळा अदार महिना दुप्पट होतो.

तारीख निश्चित झाल्यावर एका रात्रीत आणि त्याच जागी वस्त्या का उभारल्या, हे विचारावे. तेव्हा पॅलेस्टाइनचा कारभार पाहणाऱ्या ब्रिटिश सरकारने 1940 च्या नियमांनी ज्यूंच्या जमीनखरेदीवर कडक बंधने घातली होती आणि 1946 च्या उन्हाळ्यात पुढे आलेल्या विभागणीच्या योजनेत नेगेव्ह ज्यूंच्या वाट्याला नव्हता. एका रात्रीत अकरा ठिकाणी माणसे, तंबू आणि कुंपणे उभी करण्यामागे हे राजकारण होते. शेतीची सोय पाहून ती जागा निवडलेली नाही, हे पहिल्याच प्रकरणात स्पष्ट लिहावे; नाहीतर पुढे पाण्याची ओढाताण आणि पिकांची अदलाबदल यांचा उलगडा वाचकाला होत नाही.

जमिनीचा आधीचा इतिहास

सातबारा पाहिल्याशिवाय आपण कोणत्याही जमिनीविषयी बोलत नाही आणि जुना वाद असेल तर फेरफार उलगडत मागे जातो. हीच शिस्त येथे लागू करावी. वस्तीच्या स्मरणिकेत इतिहास बहुधा तंबू ठोकल्याच्या दिवसापासून सुरू होतो. अभ्यासकाने तो त्याआधीपासून सुरू करावा. यिझ्रेल खोऱ्यातील पुष्कळशी जमीन बैरूतच्या सुरसोक घराण्याकडून विकत घेतली गेली. मालक दूर शहरात, कसणारी अरब कुळे जमिनीवर, आणि विक्रीनंतर कुळांना ती जागा सोडावी लागली. मालक बदलला की कुळाचे काय होते, हे आपल्याला वेगळे शिकवावे लागत नाही, कारण 1948 चा कूळकायदा आणि 1957 च्या 1 एप्रिलचा कृषकदिन या जिल्ह्यातील असंख्य घरांच्या आठवणीत आहे. नेगेव्हमध्ये प्रश्न बेदुइन या पशुपालक अरब टोळ्यांचा आहे : 1948 च्या युद्धात व त्यानंतर त्यांच्यातील बहुसंख्य लोक त्या भूमीतून गेले किंवा घालवले गेले, आणि उरलेल्यांना बीरशेबा, अराद आणि दिमोना यांच्यामधील मर्यादित क्षेत्रात, 1966 पर्यंत चाललेल्या लष्करी अमलाखाली ठेवण्यात आले. नेवातिमचा इतिहास लिहिणाऱ्याने या शेजाऱ्यांना वगळले तर त्याचे लिखाण अपुरे राहील. कोचीच्या कुटुंबांविषयी आस्था बाळगूनही हे लिहिता येते, आणि लिहिलेच पाहिजे.

यानंतर वस्तीतील हक्काचे स्वरूप तपासावे. मोशावमधील कुटुंब शेताचे मालक नसते. जमीन 1901 साली स्थापन झालेल्या ज्यू राष्ट्रीय निधीची किंवा सरकारची असते आणि ती दीर्घ मुदतीच्या भाडेपट्ट्याने दिली जाते. परंपरेने ही मुदत 49 वर्षांची. बायबलमधील लेवीय या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात सात सप्तकांनंतर येणारे पन्नासावे वर्ष, जमीन मूळ कुळाकडे परत जाण्याचे, सांगितले आहे, त्याचा हा प्रतिध्वनी आहे. कुटुंबाच्या वाट्याला नहला म्हणतात. मराठी बायबलमध्ये या शब्दासाठी वतन हा शब्द येतो आणि अनुवाद करताना तोच सहज सुचतो, तो टाळावा. आपल्या वतनाबरोबर चाकरी, मानपान आणि गावातील अधिकार येत असत, नहलेबरोबर सभासदत्व आणि भाडेपट्टा येतो. नहला हाच शब्द ठेवून एकदा अर्थ सांगितला की पुरे.

नहलेची वाटणी करता येत नाही. मूळ नियमाप्रमाणे मुलांपैकी एकजणच पुढचा वारस म्हणून शेत सांभाळतो. तुकडेबंदीचा कायदा आपल्याकडे 1947 सालचा आहे, तरी भावाभावांत बांध पडतच राहिले. मोशावमध्ये बांध पडला नाही, पण बाकीची मुले बाहेर पडली. म्हणून प्रत्येक घराविषयी विचारण्याचा सर्वांत फलदायी प्रश्न हा की, शेत कोणाला मिळाले आणि इतर भावंडे कुठे गेली. दहा घरांची उत्तरे मांडली की एका पिढीचे स्थलांतर डोळ्यांसमोर उभे राहते.

इतिवृत्त वाचण्याची रीत

मोशावचा कारभार आमसभा, तिने निवडलेली समिती आणि हिशेब तपासणारी वेगळी समिती यांच्यामार्फत चालतो. म्हणजे इतिवृत्ताची वही असणारच. ती मोशावच्या कार्यालयात, प्रादेशिक परिषदेच्या संग्रहात किंवा सभासदाच्या घरच्या कपाटात असू शकते. वसाहत उभारणाऱ्या संस्थांचा पत्रव्यवहार जेरुसलेममधील केंद्रीय झायोनिस्ट अभिलेखागारात शोधावा. प्रत्यक्ष जाणे शक्य नसेल तर छायाचित्रे मागवावीत. हिब्रू मजकूर यंत्राने भाषांतरित करून घेता येतो, परंतु हावेर या शब्दाचे यंत्र कधी मित्र तर कधी सभासद करते, आणि जमाखर्चाच्या वाक्यात असा मित्र आला की अर्थ पार बदलतो. अशा पंधरा-वीस शब्दांची यादी आधी करून हिब्रू जाणणाऱ्याकडून तपासून घ्यावी.

इतिवृत्त वाचताना मला माझ्या कामाचा उपयोग होतो, तो असा. आमच्या सोसायटीच्या जुन्या वहीत 1972 च्या दुष्काळातील एका सभेचे पान आहे. लाल कापडी पाठीची वही, कडेला वाळवीने खाल्लेला समास, खाली जांभळ्या शाईतले सात अंगठे आणि प्रत्येकाशेजारी लहान अक्षरांत निशाणी डावा अंगठा. मुख्य ठराव कर्जवसुलीला मुदतवाढ मागण्याचा, सर्वानुमते मंजूर. त्याच्या खाली चार ओळींत एक वेगळा विषय आहे : एका सभासदाने आपले नाव शेजाऱ्याच्या जामीनकीतून कमी करावे, अशी विनंती केली आणि सभेने ती नामंजूर केली. शेजारी उसतोडीला गेला होता, असे समासात पेन्सिलीने लिहिले आहे. त्या वर्षी गावात काय चालले होते, हे मुख्य ठरावापेक्षा त्या चार ओळी आणि पेन्सिलीची ती टीप अधिक सांगतात. सर्वानुमते हा शब्द मी स्वतः शेकडो वेळा लिहिला आहे, आणि त्यातील कित्येक सभा रात्री उशिरापर्यंत भांडणात चालल्या होत्या, हेही मला ठाऊक आहे. म्हणून मोशावच्या वहीत मंजूर ठरावांपेक्षा नामंजूर विनंत्या, पुढच्या सभेवर ढकललेले विषय, गणपूर्तीअभावी तहकूब झालेल्या सभा आणि एकच विषय पुन्हापुन्हा येण्याची वेळ यांच्या नोंदी आधी काढाव्यात.

यातही जामीनकीच्या नोंदींवर सर्वाधिक वेळ द्यावा. मोशावच्या मूळ तत्त्वांत स्वतःच्या श्रमाने शेती, परस्पर मदत, सहकारी खरेदी-विक्री यांबरोबर परस्पर हमी हे तत्त्व होते : एकाचे कर्ज थकले तर बाकीचे सभासद जबाबदार. 1904 च्या कायद्याने आपल्याकडे सुरू झालेल्या ग्रामीण पतसंस्थांची जबाबदारीही अमर्यादित होती, तेव्हा हे तत्त्व आपल्या सहकाराच्या बालपणातलेच आहे. बरी वर्षे होती तोवर या हमीमुळे बँका आणि प्रादेशिक खरेदी संस्था मोशावांना सढळ कर्ज देत राहिल्या. मग 1984 साली इस्रायलमधील महागाई वर्षाला चारशे टक्क्यांच्या वर गेली, 1985 साली सरकारने ती आवरण्यासाठी कठोर उपाय योजले, व्याजाचे खरे ओझे एकाएकी वाढले आणि थकबाकी साखळीने पसरली. ज्याने आपले हप्ते वेळेवर भरले त्याच्यावरही शेजाऱ्याच्या कर्जाची मागणी आली. 1992 साली गल कायदा या नावाने ओळखला जाणारा कायदा करून या कर्जांची फेरमांडणी करावी लागली. त्या काळानंतर पुष्कळ मोशावांत सहकारी खरेदी-विक्री नावापुरती उरली किंवा बंद पडली.

यावरून अभ्यासाची पद्धत ठरते. निवडलेल्या मोशावचे 1980 ते 1995 या पंधरा वर्षांचे ताळेबंद मिळवावेत. सामाईक कर्जाची रक्कम, थकबाकीदार सभासदांची संख्या आणि बाहेर नोकरी करणाऱ्या सभासदांची संख्या एका तक्त्यात वर्षवार मांडावी, आणि रकमा लिहिताना चलन बदलल्याचे विसरू नये : 1980 साली लिराच्या जागी शेकेल आला आणि 1985 साली एक हजार जुन्या शेकेलचा एक नवा शेकेल झाला. हे ध्यानात घेतले नाही तर कर्ज एका वर्षात हजारपट कमी झाल्यासारखे दिसते.

माणसांना काय विचारावे

कोचीची कुटुंबे शेतकरी नव्हती. बहुतेक लहान व्यापार आणि दुकानदारी करत. 1948 च्या सुमारास मलबारात सुमारे अडीच हजार ज्यू होते. हत्तीरोगाच्या भीतीमुळे इस्रायली अधिकाऱ्यांनी त्यांचे स्थलांतर काही काळ रोखून धरले आणि परवानगी मिळाल्यावर पुष्कळांना दूरच्या मोशावांत पाठवले. समुद्राकाठच्या नारळीतून आलेल्या माणसाने, वर्षाला दोनशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडणाऱ्या बीरशेबाजवळ पहिले वर्ष कसे काढले, हे विचारताना कोरडवाहू भागातल्या माणसाला नेमके प्रश्न सुचतात. सोलापूरला सरासरी साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि तरीही आपण आभाळाकडे पाहत बसतो. मात्र तिकडचा पाऊस हिवाळ्यात पडतो. पेरणीचे महिने विचारताना आपले खरीप-रब्बीचे गणित त्यावर लादू नये.

कसे वाटले, असा प्रश्न विचारू नये; त्याला सगळीकडे सारखेच उत्तर मिळते. पहिली गाय कोणाकडून मिळाली, तिचे दूध काढायला कोणी शिकवले, सरकारने नेमलेला शेतीमार्गदर्शक कोणत्या भाषेत बोलत असे, दुकानातली उधारी कोणाच्या नावावर लिहिली जाई, आजारी माणसाच्या शेतावर कोण गेले, अशा प्रश्नांनी माणूस बोलता होतो. नावांची खातरजमा करावी, कारण स्थलांतरानंतर अनेकांनी हिब्रू नावे घेतली आणि एकच व्यक्ती दोन यादींत दोन नावांनी येते.

स्त्रियांकडे वेगळे जावे. कोचीच्या ज्यू स्त्रियांनी मल्याळम गाणी हाताने लिहिलेल्या वह्यांत पिढ्यान्‌पिढ्या जपली आहेत. आपल्याकडे जात्यावरच्या ओव्यांतून सासर-माहेरचा जो इतिहास मिळतो तो कोणत्याही दप्तरात नाही, तसेच या वह्यांचे आहे. नेवातिममध्ये कोचीच्या वारशाचे केंद्र आणि सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचे प्रार्थनास्थळ, आहे. तेथून चौकशी सुरू करता येते. मराठी अभ्यासकाला आणखी एक दार उघडे आहे. कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, म्हणजे बेने इस्रायल, ज्यांना गावात शनवार तेली म्हणत, मोठ्या संख्येने बीरशेबा, दिमोना, अश्दोद, लोद अशा गावांत राहायला गेले आणि इस्रायलमधून मायबोली नावाचे मराठी नियतकालिक त्यांनी चालवले. बीरशेबा आणि दिमोना नेवातिमच्या आसपासच आहेत. मोशावला भाजी, अंडी, फुले यांसाठी जी बाजारपेठ होती, तिच्याविषयी मराठीत सांगू शकणारे वृद्ध तेथे भेटू शकतात, आणि त्यांच्याशी बोलताना दुभाषा लागत नाही. हे काम लवकर करावे, कारण 1954 साली वीस वर्षांचा असलेला माणूस आज नव्वदीत आहे.

पाण्याविषयी थोडक्यात लिहिले तरी चालेल, फक्त क्रम चुकू नये. 1947 साली नेगेव्हच्या वस्त्यांसाठी पहिली जलवाहिनी टाकली; तिच्यासाठी दुसऱ्या महायुद्धात लंडनमध्ये आगी विझवण्यासाठी वापरलेले पाइप आणले होते. ही योजना सिम्खा ब्लास या अभियंत्याशी निगडित आहे. 1964 साली राष्ट्रीय जलवाहिनी सुरू झाली आणि 1965 साली ब्लास यांच्याच ठिबक पद्धतीवर नेटाफिम ही कंपनी हात्झेरिम किबुत्झमध्ये निघाली. हात्झेरिम हेही 1946 च्या त्याच रात्री उभ्या राहिलेल्या अकरा वस्त्यांपैकी एक. आपल्या शेतातली नळी आणि नेवातिम यांचा हा धागा सोलापूरच्या वाचकाला अवश्य दाखवावा, परंतु एका परिच्छेदात, कारण तो वाढला की पुन्हा लेखभर नळीच राहते.

लिहायला बसताना प्रकरणे वर्षांनुसार न पाडता बांधिलकीनुसार पाडावीत : जमिनीशी, संस्थेशी, शेजाऱ्याशी, मागे सोडलेल्या गावाशी. प्रत्येक प्रकरणात निदान एक कागद पूर्ण उतरवावा, त्याचा समास, खाडाखोड आणि सह्यांसह. ज्या कुटुंबाच्या कर्जाचा किंवा भांडणाचा उल्लेख येतो त्यांची नावे बदलावीत आणि तसे सुरुवातीला सांगावे. मजकूर पूर्ण झाला की इंग्रजी किंवा हिब्रू गोषवारा करून ज्यांच्या मुलाखती घेतल्या त्यांना पाठवावा आणि उत्तरासाठी निदान दोन महिने थांबावे. तपशिलाच्या दुरुस्त्या मजकुरात घ्याव्यात. मतभेद असेल तर आपले वाक्य तसेच ठेवून त्यांचे म्हणणे त्याच पानावर, त्यांच्याच शब्दांत छापावे. ध्वनिमुद्रणांची एक प्रत मोशावकडे आणि एक आपल्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात द्यावी, सोबत बोलणाऱ्याचे वय, मुलाखतीची तारीख आणि भाषा लिहिलेला कागद जोडून.